सोलापूर : हाताला काम भरपूर, हातात मात्र थोडे

सोलापुरात कामाला कधी तोटा नव्हता, आजही नाही. पहाटेच कांड्या भरायला बसलेली बाई, रात्रपाळीचा विणकर, उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी आजी, शाळेच्या शर्टांना काजे-बटणे करणारा मुलगा, डाळिंबाच्या बागेत छाटणीला उतरलेली टोळी. हे शहर आणि हा जिल्हा सतत काहीतरी बनवत असतो. तरीही रविवारी रात्री पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या इथल्या तरुणांनी भरून जातात. काम आहे, पण त्या कामावर संसार उभा राहील एवढी मिळकत नाही. असे का होते हे समजून घ्यायचे तर सोलापुरात काय बनते यापेक्षा, बनलेल्या वस्तूची किंमत पुढे कुठे वाढते आणि ती वाढ कोणाच्या पदरात पडते, हे पाहावे लागते.

या शहराची घडण रेल्वेने आणि दुष्काळाने केली. १८६० मध्ये पुण्याकडून लोहमार्ग सोलापुरात पोहोचला आणि आसपासचा कापूस मुंबईला जाऊ लागला. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची कापड गिरणी इथे सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. ते १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाचे दिवस होते. रान करपलेले, पोट हातावर आलेले, आणि शहरात गिरणीचा भोंगा वाजू लागलेला. माणसे आपोआप तिकडे वळली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर त्याआधीपासून इथे हातमाग चालवत होते. त्यांची वस्ती गिरण्यांच्या काळात आणखी वाढली. जुन्या मिलच्या पाठोपाठ लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार बोलींचे हे कामगारांचे शहर तयार झाले.

गिरणीने सोलापूरकराला पगाराबरोबर आणखी काही दिले होते. ठरलेली पाळी, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, युनियन, सावकारापेक्षा कमी व्याजाने पैसे देणारी पतपेढी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक गिरणी बंद पडत गेली तेव्हा कापड विणणे थांबले नाही. ते गिरणीच्या फाटकातून बाहेर पडून शहराच्या पूर्व भागातल्या छोट्या शेडमध्ये गेले. चार लूम, आठ लूम, बारा लूम. विणकराचे कसब तेच राहिले. पण हजेरीपट, निधी आणि युनियन बहुतेकांच्या मागे सुटले. सोलापूरचे खरे नुकसान इथे झाले असे मला वाटते. गिरण्यांच्या जागांवर नंतर काय उभे राहिले याची चर्चा पुष्कळ होते, आणि या नुकसानीची फार थोडी.

सोलापुरी चादर मराठी घरात इतकी सवयीची आहे की तिच्यातले कसब आपण पाहायचे विसरलो. ही जाड सुती चादर जकार्ड लावलेल्या मागावर विणली जाते. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेले यंत्र. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यातून फिरते, आणि कोणता धागा वर उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, हे त्या छिद्रांवरून ठरते. मोराची मान, फुलाची पाकळी, काठाची वेल हे सगळे आधी त्या पुठ्ठ्यांवर उतरलेले असते. नक्षी दोन्ही बाजूंना येते, फक्त रंगांची अदलाबदल होते. म्हणून चादर उलटीसुलटी कशीही अंथरता येते. काठात कारखान्याचे नाव विणण्याची चालही इथलीच. छापलेले नाव धुऊन जाते, विणलेले जात नाही.

या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले त्याला आता वीस वर्षे झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या मानांकनांत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची नावे आहेत. त्याचा अर्थ असा की दुसरीकडे विणलेल्या चादरीला ‘सोलापुरी’ म्हणून विकणे कायद्याने गुन्हा आहे. पण मानांकन आपोआप राखण करत नाही. उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करायची असते, बाजारातली नक्कल हुडकायची असते, तक्रार करायची असते, वकील लावायचा असतो. चार लूमच्या मालकाने हे कधी करायचे? त्याचा सगळा दिवस सुताचा भाव, विजेचे बिल आणि कारागिराचा हप्ता यांत जातो. शिवाय पानिपतहून येणारी पॉलिस्टरची मऊ, झगमगीत ब्लँकेटे त्याच दुकानात, त्याच फळीवर, कमी दरात पडलेली असतात. गिऱ्हाईक हात फिरवून बघते आणि मऊ वाटते ते उचलते. सुती चादर वर्षानुवर्षे धुऊन वापरता येते, उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही, हे त्याला सांगणारे तिथे कोणी नसते.

टॉवेलने मात्र वेगळी वाट धरली. टेरी टॉवेल विणताना दोन ताणे लागतात, एक घट्ट ओढलेला आणि एक सैल. फणी बाण्याला पुढे ठोकते तेव्हा सैल ताण्याचे धागे वर उचलले जाऊन त्यांचे बारीक फासे उभे राहतात, आणि हे फासेच पाणी शोषतात. फासा किती उंच, सूत कोणते, घनता किती, यांवर टॉवेलचा दर ठरतो. हे ज्ञान सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. इथला टॉवेल परदेशातही जातो. पण त्या बाजारात गाठ पडते ती गुजरात-पंजाबातल्या अजस्र कारखान्यांशी, जिथे सूतकताईपासून शिलाईपर्यंत सगळे एका आवारात चालते. सोलापूरचा छोटा कारखानदार सूत विकत घेतो, रंगाई-धुलाईसाठी दुसऱ्याच्या दारात जातो, आणि अनेकदा मधल्या व्यापाऱ्याच्या नावाने माल पाठवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा मोठ्या कारखान्यांना इतर देशांतल्या गिऱ्हाइकांकडे वळण्याची ताकद होती. एकाच खरेदीदारावर अवलंबून असलेल्याला ती नसते.

याच धंद्याचे एक दुःख विसरता येत नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. मालकाचे कुटुंब आणि कामगाराचे कुटुंब, दोन्ही त्याच इमारतीत राहत होती. धंदा आणि घर एकाच छपराखाली असणे ही इथली जुनी रीत. सुताचे गठ्ठे, तयार माल, विजेच्या तारा आणि झोपलेली लेकरे यांच्यामध्ये एक भिंतही पुरेशी नसते. लघुउद्योगाला सवलत द्यायची तर ती आधी सुरक्षित शेडसाठी, अग्निशमनासाठी आणि कामगारांच्या वेगळ्या घरांसाठी द्यावी. हा खर्च चार लूमच्या मालकाच्या कुवतीबाहेरचा आहे, आणि तो टाळण्याची किंमत आपण पाहिली आहे.

घरांच्या बाबतीत सोलापूरने देशाला दाखवण्यासारखे काम केले आहे. विडी कामगार बायकांनी अनेक वर्षे लढा दिला आणि कुंभारीजवळ कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे दिली गेली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर हाती घेतले गेले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातली पहिली १५ हजार घरे हवाली केली. माजी आमदार नरसय्या आडम यांनी या दोन्ही वसाहतींसाठी केलेली खटपट सर्वश्रुत आहे. कामगाराला हक्काचे घर मिळाले की त्याचे भाडे वाचते आणि गहाण ठेवायला काहीतरी हाती येते. मुलीचे शिक्षण एक-दोन इयत्तांनी पुढे सरकते.

पण त्या घरात बसून केले जाणारे काम संपत चालले आहे. विडी वळणे दुरून सोपे वाटते. बाई कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून आणते. पाने भिजवून मऊ करते, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापते, चिमटीने तंबाखू पसरते, बोटांनी वळते, टोक दुमडते, दोरा बांधते. मजुरी हजार विड्यांवर. हजार पुऱ्या व्हायला सकाळ ते संध्याकाळ जाते. पाने फाटकी निघाली तर पदरचे पैसे घालून विकत आणावी लागतात. कारखान्यात परत दिल्यावर छाट निघाली तर ती मजुरीतून जाते. मान, पाठ आणि छाती यांचे दुखणे वेगळे. विडी आरोग्याला घातक आहे आणि ती कमी झाली पाहिजे, यात दुमत नाही. पण तंबाखूवरचा कर वाढवताना आणि पाकिटावर इशारा छापताना, तो धंदा करून घर चालवणाऱ्या पन्नाशीच्या बाईने उद्या काय करायचे, हे सांगण्याची जबाबदारीही सरकारवर येते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. हजार रुपयांत महिना कसा काढायचा?

त्या बाईच्या मुलीला वाट सापडली आहे, ती शिलाईची. गेल्या काही वर्षांत सोलापूर शालेय गणवेशांचे मोठे केंद्र झाले. २०१७ पासून इथल्या उत्पादकांनी गणवेशांची प्रदर्शने भरवली आणि परराज्यांतले खरेदीदार इथे आणले. या धंद्याला चादरीपेक्षा पुढे जायला वाव आहे, कारण गणवेश दर वर्षी लागतो, मूल वाढते आणि माप बदलते. हॉटेल, रुग्णालय आणि सुरक्षारक्षकांचे कपडे हेही त्याच शिलाई यंत्रावर होतात. उणीव एकच, आणि ती मोठी आहे. कापडाचा बराचसा भाग बाहेरून येतो. शंभर वर्षे कापड विणणाऱ्या गावाने शर्टाचे कापड बाहेरून आणून फक्त शिवायचे, हे मनाला पटत नाही. इथल्या जुन्या लूमवर असले कापड परवडणाऱ्या दरात विणता येत नाही. त्यासाठी धोट्याविना चालणारे वेगवान माग आणि सामाईक प्रक्रिया केंद्र हवे. दहा-वीस कारखानदारांनी एकत्र येऊन ते उभारावे आणि सरकारने भांडवलाचा हिस्सा उचलावा. ज्या शहराने गिरण्या चालवल्या, त्याला हे अशक्य नाही.

शहराबाहेर पडले की दुसरे सोलापूर सुरू होते. वर्षाला सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने. ही विसंगती उजनीमुळे शक्य झाली. भीमेवर माढा तालुक्यात १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी पाणी मृत साठ्याचे. म्हणून सोलापूरकर धरणाबद्दल ‘प्लस’ आणि ‘मायनस’मध्ये बोलतात. उपयुक्त साठा संपला की धरण मायनसमध्ये गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खूप खाली गेले होते. वर पुण्या-पिंपरीचे सांडपाणी भीमेच्या खोऱ्यात उतरते आणि तेच याच धरणात येऊन साचते. त्यामुळे पाणी किती आहे याच्या जोडीला ते कसे आहे, हाही प्रश्न आहे.

उसाला नावे ठेवणे सोपे आहे. शेतकरी ऊस का लावतो हे समजायला फेब्रुवारी २०२३ मधली एक कांदापट्टी पुरेशी आहे. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला. किलोला एक रुपया भाव मिळाला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. त्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. उसाच्या बाबतीत असे होत नाही. तिथे केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, कायद्याने बांधलेला आहे. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. पैसे उशिरा मिळतात, तोडणी-वाहतूक कापली जाते, पण ते बुडून शून्यावर येत नाहीत. कमी पावसाच्या मुलखात सर्वांत तहानलेले पीक सर्वांत सुरक्षित ठरावे, ही धोरणाची चूक आहे. शेतकऱ्याने तिथे डोके वापरले, एवढेच.

कारखान्यांची बाजूही ऐकायला हवी. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे कित्येक हंगाम तिथेच थांबला. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. मधला खड्डा इथेनॉलने भरेल म्हणून कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. कर्जाचे हप्ते मधल्या काळात थांबले नव्हते.

उसाला खरा पर्याय या जिल्ह्याने स्वतःच शोधला होता. सांगोल्याच्या मुरमाड रानात, ठिबकच्या थेंबांवर, भगवा जातीच्या डाळिंबाने घरे बांधली, ट्रॅक्टर आणले, मुलांना इंजिनिअर केले. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात, केगावला आले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण तेलकट डागांचा ‘तेल्या’, झाडांची मर आणि खोडाला टाचणीएवढी छिद्रे पाडणारा भुंगेरा यांनी अनेक बागा उद्ध्वस्त केल्या. लोकांनी झाडे उपटून टाकली. त्यामागे निसर्ग होता तशी घाईही होती. कुठूनही आणलेली रोपे, झाडाला विश्रांती न देता धरलेले बहार, शेजाऱ्याने तोडून बांधावर टाकलेल्या रोगट फांद्या. रोगमुक्त ऊतिसंवर्धित रोपे आणि गावभर एकाच वेळी राबवलेली स्वच्छता यांशिवाय डाळिंब परत येणार नाही, आणि हे एकट्याने करता येत नाही. पुढची पायरी निर्यातीची. अमेरिकेला जाणाऱ्या डाळिंबावर विकिरण प्रक्रिया करावी लागते आणि त्यासाठी फळ वाशीच्या केंद्रात न्यावे लागते. प्रतवारी, शीतगृह, दाणे काढून पॅक करण्याची सोय यांतले जेवढे सांगोला-पंढरपूरजवळ होईल, तेवढा पैसा जिल्ह्यात राहील.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती ज्वारीत. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात भाद्रपद-आश्विनात पेरलेली ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, वर पाण्याचा थेंब लागत नाही. २०१६ मध्ये तिलाही मानांकन मिळाले. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, शिवाय कडबा जनावरांना होतो. पण खरा बदल बायकांनी केला. त्यांनी ज्वारी-बाजरीची पातळ भाकरी थापून, शेकून, कडक करून विकायला काढली. महिनोन्‌महिने टिकणारी ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणि परदेशी निघालेल्यांच्या बॅगांत असते. ज्वारीपासून भाकरीपर्यंतची सगळी वाढलेली किंमत गावातच, तीही बाईच्या हातात राहते. कर्ज थोडे, यंत्र थोडे, पाणी जवळजवळ नाही. या धंद्याला पाकिटबंदीची चांगली सोय, अन्नसुरक्षेचे परवाने आणि खेळते भांडवल मिळाले तर विडीतून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी याहून जवळची वाट दुसरी नाही.

शहरात चर्चा वेगळीच चालते. शहरातल्या एका साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा ठरते म्हणून वर्षानुवर्षे वाद झाला, जून २०२३ मध्ये ती पाडली गेली, आणि २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. मुंबईची वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून धावते आहे. हे सगळे हवेच. पंढरपूर, अक्कलकोट आणि शेजारचे तुळजापूर यांना येणारा भाविक, कलबुर्गी-विजयपूरहून उपचारांसाठी येणारा रुग्ण, पुण्या-हैदराबादच्या मध्ये मुक्काम करणारा व्यापारी, या सर्वांना चांगल्या दळणवळणाचा उपयोग आहे. पण विमान आले म्हणून माहिती तंत्रज्ञानाची कंपनी येईल आणि पुण्याला गेलेली मुले परत येतील, ही आशा मला आजच्या घडीला कच्ची वाटते. कंपनी यायची तर कर्मचाऱ्याच्या घरी नळाला पाणी लागते.

सोलापूर शहरात अनेक भागांत चार-पाच दिवसांनी पाणी येते. ‘आज पाण्याचा वार’ हे वाक्य इथल्या रोजच्या बोलण्यातले आहे. त्या दिवशी बाई कामावर जात नाही किंवा उशिरा जाते. विडी वळणारी, शिलाई करणारी, भाकरी थापणारी, कांडी भरणारी, या सगळ्यांची मजुरी नगावर आहे. पाण्याच्या वारी नग कमी होतात. हा तोटा कोणत्याही औद्योगिक अहवालात धरला जात नाही, पण हजारो घरांच्या मिळकतीतून तो दर आठवड्याला वजा होतो. उजनीपासून शहरापर्यंत दुसरी, समांतर जलवाहिनी टाकली गेली आहे. आता टाक्या, शहरातल्या वाहिन्या आणि गळती यांचे काम पुरे व्हायला हवे. सोलापूरकरांनो, मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विमानाचे वेळापत्रक जरूर विचारा, पण त्याआधी आपल्या नळाला रोज पाणी कोणत्या तारखेपासून येणार, ते लेखी मागा.